मडगार्ड बसवताना पहिला बोल्ट आवळू नका

मडगार्ड बसवणं ही शिकायची गोष्ट आहे असं कोणालाच वाटत नाही. चार बोल्ट, दोन-तीन सळ्या, एक पाना, झालं. मग आठवड्याभरात खडखड सुरू होते, टायर कुठेतरी खर्र करत घासतो, आणि काही दिवसांनी नेमका बोल्टाच्या भोकापाशी तडा जातो. त्यावर ‘मडगार्डच हलकं निघालं’ असं म्हणून आपण मोकळे होतो.

बहुतेक वेळा मडगार्डात काही खोट नसते. आपण हाताला लागलेला पहिला बोल्ट लगेच पूर्ण आवळतो आणि उरलेलं मडगार्ड वाकवून, ओढून पुढच्या भोकांपर्यंत नेतो. बसतं तेही, पण ताणलेलं बसतं. प्रत्येक खड्ड्याचा दणका त्या ताणात भर घालतो. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीसाठी आहेत: बोल्ट नसतानाही मडगार्ड आपल्या जागी निवांत बसलं पाहिजे. बोल्टाने ते फक्त धरून ठेवायचं, ओढून आणायचं नाही.

लेखाचा मोठा भाग सायकलीच्या पूर्ण लांबीच्या मडगार्डबद्दल आहे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. मोटरसायकल आणि मोटारीचं शेवटी थोडक्यात येईल.

१. विकत घेण्याआधी चार मापं

पहिलं माप टायरच्या रुंदीचं. टायरच्या बाजूवर रुंदी छापलेली असते, पण रुंद रिमवर तोच टायर दोन-तीन मिलिमीटर जास्त फुगतो. म्हणून पूर्ण हवा भरून टायर प्रत्यक्ष मोजा. मडगार्ड त्याहून किमान ८ ते १० मिमी रुंद हवं. ३५ मिमीच्या टायरला ४५ मिमीचं मडगार्ड ठीक. टायरइतकंच रुंद मडगार्ड दिसतं छान, पण पाणी दोन्ही बाजूंनी बाहेर फेकतं.

दुसरं माप फटीचं. टायर आणि चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा) वरचा भाग, टायर आणि सीटखालचा आडवा पूल, टायर आणि पायडलच्या एक्सलमागचा पूल, या तीन ठिकाणी किती जागा आहे ते बघा. मडगार्डची जाडी धरून टायरवर ८ ते १० मिमी मोकळी राहिली तर उत्तम. त्याहून कमी जागेत खडा अडकतो. ५ मिमीच्या आत येत असेल तर आधी बारीक टायर घाला, नाहीतर अर्ध्या लांबीच्या मडगार्डवर समाधान माना. जबरदस्ती करून काही साधत नाही.

तिसरं बघायचं ते सांगाड्यावरच्या भोकांचं. एक्सलजवळ दोन्ही बाजूंना आटे पाडलेली छोटी भोकं आहेत का? असली तर ती बहुधा एम-५, म्हणजे ५ मिमी व्यासाच्या बोल्टाची असतात. नसतील तर रबराचं अस्तर असलेल्या गोल पट्ट्या नळीभोवती बसवून काम भागतं, मात्र त्यासाठी नळीचा व्यास मोजून न्यावा लागतो. डोळ्यांच्या अंदाजाने आणलेली पट्टी एकतर बसत नाही किंवा गोल गोल फिरत राहते. आणि पुढचा चिमटा कार्बनचा असेल तर अशी पट्टी कितीही नीट बसली तरी तिच्यावर आवळू नका. त्याला बनवणाऱ्याने दिलेली भोकंच वापरायची.

चौथं माप पायाचं, आणि हे जवळपास सगळे विसरतात. सीटवर बसा, पुढच्या बाजूचं पायडल आडवं आणा आणि हँडल वळवा. बुटाचं टोक आणि टायर यांत किती अंतर उरतं? मडगार्ड बसल्यावर ते आणखी एक-दोन सेंटीमीटरने कमी होणार. सावकाश वळताना बूट मडगार्डला अडकला तर तोल जातो, आणि हे रहदारीच्या मधोमध कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

२. आधी चाक, मग मडगार्ड

मडगार्ड आपण चाकाकडे बघून सरळ करतो. चाकच वाकडं बसलं असेल तर सगळी मेहनत वाकड्याला समांतर होते. मी स्वतः एकदा तासभर सळ्या वाकवत बसलो होतो. एका बाजूला फट बोटभर, दुसऱ्या बाजूला टायर घासतोय. शेवटी वैतागून सायकल उलटी केली तेव्हा दिसलं की चाकाचा एक्सल एका बाजूने खाचेत पूर्ण बसलाच नव्हता. तो बसवला आणि तासभराचं ‘सरळ’ केलेलं मडगार्ड क्षणात वाकडं झालं.

म्हणून सायकल जमिनीवर उभी करा, वरून तिच्यावर थोडं वजन द्या, एक्सल सैल करून तो खाचेत तळापर्यंत बसू द्या आणि मग आवळा. मागचं चाक आडव्या खाचेत असेल तर चेनचा ताण आणि चाकाचा मध्य आत्ताच ठरवून टाका, कारण मडगार्डची फट त्यावरच अवलंबून आहे. चाक फिरवून रिमला आउट आहे का बघा. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर आधी आउट काढून घ्या.

तपासा: टायरमध्ये पूर्ण हवा आहे? कमी हवेवर जुळवलेली फट हवा भरल्यावर कमी होते.

३. आटे साफ करा

सांगाड्याच्या भोकात रंग आणि गंज साचलेला असतो. त्यात बोल्ट रेटला तर आटे जातात, आणि बोल्ट अर्ध्यात तुटून आत राहिला तर पुढचा अर्धा दिवस तोच काढण्यात जातो. एम-५, ०.८ पिचचा (दोन आट्यांत ०.८ मिमी अंतर असलेला) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने एकदा फिरवून घ्या. टॅप नसेल तर जुन्या बोल्टाला तेल लावून थोडा आत, थोडा बाहेर असं करत न्या. मग प्रत्येक बोल्टाच्या आट्यांना किंचित ग्रीस. स्टेनलेस बोल्ट अल्युमिनियमच्या सांगाड्यात कोरडा ठेवला तर काही वर्षांनी तो तिथून हलत नाही.

सगळे बोल्ट मडगार्डशिवाय, नुसते हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा. ही दोन मिनिटांची रंगीत तालीम वाटते तेवढी फालतू नाही: कुठला बोल्ट लांब आहे, कुठला तिरका जातोय हे आत्ताच कळतं.

सावधान: मागच्या उजव्या भोकातला बोल्ट आतल्या बाजूने बाहेर डोकावता कामा नये. चेन सर्वांत लहान चक्रावर आली की त्या टोकाला घासते, कधी अडकते. लांब असेल तर कापा, किंवा डोक्याखाली जादा वायसर घाला.

४. मागचं मडगार्ड, सगळं सैल

सुरुवात मागून करा. मागचं चाक वळत नाही, त्यामुळे हिशेब सोपा असतो आणि हातही बसतो.

मडगार्ड मागून सरकवा आणि पुढचं टोक पायडलच्या एक्सलमागच्या पुलापाशी न्या. तिथला बोल्ट दोन-तीन आट्यांवर धरू द्या, मग सीटखालच्या पुलाचा. दोन्ही इतके सैल की मडगार्ड हाताने सहज हलावं. आता मडगार्ड सोडून द्या आणि पुलाजवळ बघा. मडगार्ड आणि पूल यांच्यात मोकळी जागा उरते का?

उरत असेल तर इथेच ती प्रसिद्ध चूक होते: बोल्ट आवळून मडगार्ड पुलापर्यंत ओढलं जातं. तसं करू नका. तेवढ्या जाडीचा नायलॉनचा किंवा अल्युमिनियमचा पोकळ तुकडा मध्ये घाला, थोडीच जागा असेल तर वायसर पुरतील, आणि तेवढा लांब बोल्ट वापरा. मडगार्ड आणि सांगाडा जिथे एकमेकांना टेकतात तिथे चामड्याची किंवा जाड रबराची चकती घातली तर अर्धी खडखड तिथेच मरते.

मग सळ्या. त्या एक्सलजवळच्या भोकाला सैल बांधा, दुसरं टोक मडगार्डवरच्या पकडीत सरकवा. त्याच भोकाला कॅरियरही असेल तर कॅरियरचा पाय सांगाड्याला लागून आणि मडगार्डची सळी बाहेरून, अशी रचना ठेवा. वजन कॅरियरवर येतं, म्हणून तो बोल्टाच्या मुळाशी हवा.

आडव्या खाचेच्या सायकलींत आणखी एक भानगड असते. खाच मागे उघडत असेल तर चाक काढताना ते मागे सरकतं आणि थेट मडगार्डला धडकतं. तिथे टायरमागे जास्त फट ठेवा, किंवा पंक्चर झालं की आधी सळ्यांचे बोल्ट सैल करावे लागतील हे मान्य करून त्यासाठीची अ‍ॅलन की सोबत बाळगा.

मडगार्डात आतून बाहेर जाणाऱ्या बोल्टाचं चपटं डोकं टायरच्या बाजूला आणि नट बाहेर, हे कायम लक्षात ठेवा. उलटं बसवलं तर बोल्टाचं टोक टायरकडे रोखलेलं राहतं.

५. पुढचं मडगार्ड आणि सुटणारी पकड

पुढचं मडगार्ड चिमट्याच्या माथ्यामागे टांगलं जातं, बऱ्याचदा ब्रेकच्याच बोल्टावर. तो बोल्ट काढणार असाल तर एक गोष्ट मोजा. मडगार्डची पट्टी मध्ये आली की तिच्या जाडीइतके आटे कमी पकडले जातात. नट किमान सहा-सात पूर्ण फेरे बसला पाहिजे. बसत नसेल तर लांब नट किंवा लांब बोल्ट आणा. ‘चार फेरे बसलाय, पुरे’ हे ब्रेकच्या बाबतीत चालत नाही. आवळताना ब्रेक मध्यावर आहे का, दोन्ही रबरं रिमला एकाच वेळी टेकतात का, ते पुन्हा बघा. डिस्क ब्रेक असेल तर सळीला कॅलिपर (डिस्क दाबणारा ब्रेकचा भाग) ओलांडून जावं लागतं. तिथे सळी वाकवण्यापेक्षा भोकापाशी पोकळ तुकडा घालून तिला बाहेर काढणं बरं.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद. चाक फिरताना टायरची मागची बाजू खालून वर जाते. म्हणजे काटकी किंवा तारेचा तुकडा टायरला चिकटला तर तो मडगार्डच्या खालच्या, मागच्या टोकातून आत शिरतो. तिथे अडकला की चाक मडगार्डलाही वर ओढायला लागतं. सळ्या घट्ट असतील तर मडगार्ड दुमडून चिमट्याखाली गोळा होतं, पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे पडतो. हे टाळण्यासाठी पुढच्या सळ्यांना झटक्याने सुटणारी प्लास्टिकची पकड देतात. ओढ आली की सळी निसटते आणि मडगार्ड मोकळं होतं.

ती पकड दोन्ही बाजूंना लावा. ‘सारखी निघते’ म्हणून ती प्लास्टिकच्या पट्ट्याने बांधणारे, गोंद लावणारे मी पाहिले आहेत. ती निघते याचा अर्थ सळी ताणलेली आहे, आणि सळीची लांबी बदलली की ती निघायची थांबते. बसवल्यावर हाताने जोर लावून ओढून बघा. सुटली पाहिजे. पुन्हा दाबली की टक करून बसली पाहिजे.

६. रेषा जुळवणं

आत्तापर्यंत एकही बोल्ट घट्ट नाही. चांगलं आहे. आता सायकलीपासून दोन-तीन पावलं मागे जा आणि बाजूने बघा. मडगार्डची कड आणि टायर यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. थोडा फरक पडणारच असेल तर तो कुठे पडावा याला नियम आहे: कचरा जिथून आत शिरतो त्या मागच्या-खालच्या टोकाला फट कमी, आणि चाकाच्या फिरण्याच्या दिशेने पुढे जाताना जास्त. शिरलेला खडा मग रुंद जागेत जातो आणि पुढून बाहेर पडतो. उलट असेल तर तो पाचरीसारखा रुतत जातो.

मग मागून आणि समोरून बघा, टायर मडगार्डच्या मधोमध आहे का. नसेल तर एका बाजूची सळी पकडीत थोडी आत, दुसरी थोडी बाहेर. मडगार्ड हाताने पिळून सरळ करायचं नाही. सोडल्यावर ते पुन्हा होतं तिथेच जातं.

आवळण्याचा क्रम असा. आधी माथ्याजवळचा बोल्ट: पुढे चिमट्याचा, मागे सीटखालचा. मग मागच्या मडगार्डचा पायडलजवळचा बोल्ट. मग एक्सलजवळचे सळ्यांचे बोल्ट, डावा-उजवा आळीपाळीने. सर्वांत शेवटी मडगार्डवरच्या पकडी, कारण फट जुळवली जाते ती तिथेच. प्रत्येक बोल्टानंतर चाक एकदा फिरवा. एखादा बोल्ट आवळताना मडगार्ड जागचं हललं तर थांबा. तिथे वायसर कमी आहे किंवा सळीची लांबी चुकली आहे.

किती घट्ट? अ‍ॅलन कीच्या लांब बाजूला धरून, आखूड बाजू बोल्टात घालून, दोन बोटांच्या जोराने. पूर्ण मूठ लागत असेल तर तुम्ही प्लास्टिक चिरडताय.

७. सळ्या कापणं, पण आज नाही

सळ्यांची जादा टोकं बाहेर आलेली दिसली की लगेच कापायचा मोह होतो. आठवडाभर चालवा, फट बदलत नाही याची खात्री करा, मगच कापा. कापलेली सळी वाढवता येत नाही.

खूण करा, सळी सायकलीवरून काढा, बाहेर कापा. करवत चालेल, बोल्ट कापायची मोठी कात्री असेल तर जास्त चांगलं. कात्रीने तुकडा उडतो, म्हणून चष्मा लावा आणि दुसरं टोक कापडात धरा. टोक कानशीने गोल करा आणि वर प्लास्टिकची टोपी घाला. टोपीशिवायची सळी पोटरीला लागली की किती खोल जाते, ते एकदा अनुभवलं की टोप्या आपोआप जपल्या जातात.

धातूच्या मडगार्डला नवं भोक पाडायचं असेल तर आधी ठोक्याने खूण, मग ३ मिमी, मग ५ मिमी असं दोनदा ड्रिल, आणि दोन्ही बाजूंची कड कानशीने साफ. तडा नेहमी खरखरीत कडेपासून सुरू होतो.

८. फडकं

पायावर आणि चेनवर चिखल येतो तो पुढच्या चाकावरून, मडगार्डच्या खालच्या टोकाच्याही खालून. म्हणून पुढच्या मडगार्डला रबरी फडकं लावा, जमिनीपासून ५ ते ८ सेंटीमीटरपर्यंत येईल असं. रबर मऊच हवं, पायरीला टेकलं तर वळेल असं. कडक प्लास्टिक लावलं तर तो दणका सरळ मडगार्डला जातो. मागचं फडकं तुमच्यासाठी नसतं, मागून येणाऱ्यासाठी असतं, त्यामुळे ते लावायचं की नाही हे तुमच्या स्वभावावर.

९. रस्त्यावर जाण्याआधी

पुढचं चाक वितभर उचलून सोडा, मग मागचं. खडखड ऐकू आली तर बोटाने एकेक जागा दाबून धरा आणि पुन्हा सोडा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, दोष तिथे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ब्रेक दाबा. बुटाचं अंतर पुन्हा बघा. चेन सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चक्रावर घेऊन बघा. साधारण पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा तपासा, नवं प्लास्टिक तेवढ्यात थोडं दबलेलं असतं.

मोटरसायकल: बुश हरवू नका

पुढच्या मडगार्डच्या भोकांत रबर आणि त्याच्या आत धातूचा छोटा बुश, म्हणजे पोकळ नळीचा तुकडा, असतो. बोल्ट आवळल्यावर दाब त्या बुशवर येतो, प्लास्टिकवर नाही. काढताना बुश खाली पडतो, कोणाच्या लक्षात येत नाही, बोल्ट पहिल्यासारखाच आवळला जातो आणि प्लास्टिक तडकतं. म्हणून खोलण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा आणि बोल्ट, बुश, रबर एकत्र ठेवा.

१. चारही बोल्ट हाताने तीन-चार फेरे बसवा. चिमट्याचा पाय अल्युमिनियमचा असतो, पान्याने सुरुवात केली तर आटे गेलेच समजा.

२. गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून सस्पेन्शन चार-पाच वेळा दाबा. काही गाड्यांत मडगार्डच्या आतली लोखंडी कमान दोन्ही पायांना जोडून ठेवते. पाय आपापल्या जागी बसल्यावरच ती आवळायची, आणि अशी गाडी मडगार्डशिवाय चालवायची नाही.

३. आळीपाळीने आवळा. जोर किती ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. एम-६ बोल्टासाठी साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे वाटतो त्यापेक्षा बराच कमी.

४. ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर मूळ क्लिपांतच बसवा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, सस्पेन्शन दाबून, ती कुठे ताणली जात नाही आणि टायरला लागत नाही हे बघा.

मागे बघायचं एकच: दोघं जण बसलेले असताना, सस्पेन्शन दबलेलं असताना टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा उरते का. रिकाम्या गाडीवर मोजलेली फट इथे उपयोगाची नाही.

मोटार: आतलं अस्तर आणि फडकी

मोटारीत हाताने करण्यासारखं काम दोनच प्रकारचं असतं, चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर आणि चाकामागची फडकी. हँडब्रेक लावा, उरलेल्या चाकांना अडण्या लावा, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही.

अस्तराच्या क्लिपांत मधली खिळी आधी बाहेर काढायची असते, मग क्लिप आपोआप सुटते. थेट उचकटली की तुटते, आणि एक क्लिप कमी असलेलं अस्तर वेगात फडफडून टायरला लागतं. तुटलेल्या जागी स्क्रू मारून वेळ मारून नेऊ नका. स्क्रूचं टोक टायरकडे असतं.

फडकी बसवण्याआधी पत्र्याच्या दुमडीत साचलेली माती काढून जागा धुवा, पूर्ण वाळू द्या. फडक्यामागे ओल कोंडली की गंज आतून सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. शक्यतो मूळ भोकंच वापरा. नवं पाडावं लागलं तर उघड्या पत्र्याला प्रायमर आणि रंग दिल्याशिवाय स्क्रू घालू नका.

चाक लावल्यावर नट आधी फुलीच्या क्रमाने सारखे टेकवा, गाडी खाली उतरवा आणि शेवटचा जोर जमिनीवरच द्या. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून टायर फडक्याला लागतो का ते बघा, हेही गाडी जमिनीवर असतानाच. जॅकवर चाक खाली लोंबतं, तिथे सगळंच मोकळं दिसतं. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.